रोज एक अंडं : कोणाला, किती आणि कशासोबत?

अंड्यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत ‘एक अंडं’ म्हणजे कवच काढल्यावर साधारण ५० ग्रॅम भरणारं कोंबडीचं अंडं. तुमच्याकडची अंडी लहान असतील तर आकडे त्या प्रमाणात कमी धरा.

प्रश्न : माझं वय ४६. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सगळं ठीक आहे. सकाळी रोज एक उकडलेलं अंडं खातो. एका बातमीत अंडं हृदयाला वाईट म्हणतात, दुसरीत चांगलं. नक्की काय समजायचं?

तुम्ही खात आहात ते चालू ठेवा. पण बातम्या अशा उलटसुलट का येतात, तेही समजून घ्या. पुढची बातमी वाचताना त्याचा उपयोग होईल.

एका अंड्यात सुमारे ७२ कॅलरी, ६ ग्रॅमांपेक्षा थोडी जास्त प्रथिनं आणि ५ ग्रॅम चरबी असते. या चरबीतली संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) जेमतेम दीड ग्रॅम. कोलेस्टेरॉल मात्र १८५ ते २०० मिलिग्रॅम, आणि ते सगळं बलकात. या एका आकड्यामुळे अंडं बदनाम झालं. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नयेत असा सल्ला दिला. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं की हृदयविकार वाढतो, हे तेव्हा दिसू लागलं होतं. मग खाण्यातलं कोलेस्टेरॉल कमी केलं की रक्तातलंही कमी होईल, असा सरळ हिशोब मांडला गेला.

शरीराचा हिशोब इतका सरळ नाही. आपल्या कोलेस्टेरॉलचा मोठा भाग यकृत आणि इतर पेशी स्वतःच तयार करतात. आतड्यातून जास्त आलं की यकृत आपलं उत्पादन कमी करतं आणि बहुतेकांच्या रक्तात फारसा फरक दिसत नाही. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, खऱ्या अर्थाने वाढवते ती संपृक्त चरबी. एलडीएलचे कण रक्तातून उचलून घेणारे ग्राही (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर असतात. संपृक्त चरबीमुळे त्यांची संख्या घटते आणि कण रक्तातच फिरत राहतात. लोणी, साय, चीज, चरबीयुक्त मांस यांत दोन्ही गोष्टी एकत्र असतात. अंड्याचं तसं नाही. त्यात कोलेस्टेरॉल भरपूर, संपृक्त चरबी कमी. सगळा गोंधळ या वेगळेपणामुळे झाला. २०१५-२० च्या अमेरिकी आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा ठेवली नाही, त्याचंही कारण हेच. (मर्यादा गेली म्हणजे कितीही खायला मोकळीक मिळाली, असं मात्र त्यात म्हटलेलं नाही.)

आता अभ्यासांकडे येऊ. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सहा गटांमधल्या २९,६१५ लोकांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण आलं. रोजच्या खाण्यात अर्धं अंडं वाढलं की हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ६ टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. त्याआधी २०१८ मध्ये चीनमधल्या चार लाखांहून जास्त प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात जवळपास रोज अंडं खाणाऱ्यांमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने होणारा पक्षाघात अंडं न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २६ टक्क्यांनी कमी आढळला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक लोकांचा, ३२ वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेला अभ्यास आला. दिवसाला एका अंड्यापर्यंत हृदयविकाराचा धोका वाढलेला त्यात दिसला नाही.

हे तिन्ही निरीक्षणाचे अभ्यास आहेत. लोक काय खातात हे विचारायचं आणि पुढे त्यांना काय होतं ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत. २०१९ च्या विश्लेषणात आहार फक्त सुरुवातीला एकदा विचारला होता आणि पाठपुरावा सरासरी सतरा वर्षांहून जास्त होता. एवढ्या काळात कोणाचं ताट तसंच राहतं? शिवाय एखाद्या देशात अंडं खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या, लोणी आणि मैद्याच्या पावासोबत खाल्लं जातं, दुसरीकडे भाजी-भातासोबत. आकडेमोडीत अंडं एकटं दिसतं, पोटात ते एकटं जात नाही. म्हणून ‘अंडं चांगलं की वाईट’ यापेक्षा ‘कशासोबत आणि कशाच्या जागी’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे. सकाळच्या गोड बिस्किटांच्या जागी अंडं आलं तर फायदा. कडधान्यं किंवा सुकामेव्याच्या जागी आलं तर हृदयाच्या दृष्टीने काही कमावलं नाही.

एक हिशोब लक्षात ठेवा. एक मोठा चमचा, म्हणजे १४ ग्रॅम लोण्यात सुमारे ७ ग्रॅम संपृक्त चरबी असते. चार अंड्यांतही एवढी नसते. अंडं मोजून खाणारे पुष्कळ भेटतात, तव्यावरचं लोणी मोजणारे फार थोडे.

प्रश्न : माझं एलडीएल १६२ आलं आहे. डॉक्टरांनी आहार सांभाळायला सांगितला, पण अंड्याबद्दल काही बोलले नाहीत. बलक काढून टाकू का?

काही काळ काढून टाका, म्हणजे तुमच्यापुरतं खरं उत्तर मिळेल.

सरासरी पाहिली तर रोजचं एक अंडं एकूण कोलेस्टेरॉल डेसिलिटरला साधारण ४ मिलिग्रॅमनी वाढवतं. फार नाही. पण ही सरासरी झाली. काही माणसांचं यकृत आपलं उत्पादन तितकं आवरत नाही किंवा त्यांचं आतडं कोलेस्टेरॉल जास्त शोषतं, आणि त्यांचा आकडा बराच चढतो. चेहरा, वजन, वय पाहून असा माणूस ओळखता येत नाही, रक्त तपासावं लागतं.

पद्धत अशी. आज तपासणी झालेलीच आहे, हा पहिला आकडा. पुढचे सहा ते आठ आठवडे बलक पूर्ण बंद, पांढरा भाग चालेल. या काळात बाकी काही बदलू नका. तेल तेच, चालणं तेवढंच, वजनही साधारण तेवढंच. मग त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करा. लोक चुकतात ते इथेच. बलक सोडतात, त्याच आठवड्यात लोणी सोडतात, चालायला लागतात, वजन तीन किलोने उतरतं, एलडीएल खाली येतं आणि श्रेय बलकाला मिळतं. दुसरी चूक म्हणजे पाच-सात टक्क्यांच्या फरकाला अर्थ लावणं. काहीही न बदलता दोन वेळा तपासलं तरी एलडीएल तेवढं हलतं. १६२ चं १५४ झालं तर त्यातून काही सिद्ध होत नाही. १३५ झालं तर बलक तुम्हाला भोवत होता असं म्हणायला जागा आहे. मग आठवड्याला दोन-तीन बलकांवर थांबा.

मात्र हा प्रयोग करायला वेळ आहे का, हे आधी डॉक्टरांना विचारा. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, मधुमेह असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेले असतील, तर १६२ वर औषध सुरू करायचं की नाही हा प्रश्न आधीचा. औषध चालू असेल तर प्रयोगासाठी ते थांबवायचं नाही. आणि एलडीएल १९० च्या वर असेल तर कारण ताटात नसून जनुकांत असू शकतं. असा आनुवंशिक दोष साधारण अडीचशेत एकाला असतो. त्यांनी भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करून घ्यावी.

आणि एलडीएल खरोखर कमी करायचं असेल तर बलकाहून मोठे उपाय दुसरीकडे आहेत. लोणी-सायीच्या जागी द्रव वनस्पती तेल आणा. ओट्स, सातू, कडधान्यं यांतला विरघळणारा चोथा दिवसाला ५ ते १० ग्रॅम पोटात जाऊ द्या. वजन जास्त असेल तर उतरवा.

प्रश्न : दहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. नाश्त्याला अंडं खाल्लं की साखर वाढत नाही, म्हणून रोज दोन खाते. बरोबर आहे का?

साखरेच्या बाबतीत तुमचं निरीक्षण बरोबर आहे. अंड्यात कर्बोदकं अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतात, त्यामुळे जेवणानंतरची साखर त्याने उसळत नाही. पण मधुमेहात साखरेइतकीच काळजी रक्तवाहिन्यांची घ्यायची असते, आणि तिथे पुरावा तितका निर्मळ नाही. १९९९ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात निरोगी लोकांना रोजच्या एका अंड्याने काही झालं नाही, पण मधुमेह असलेल्यांत हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. उलट २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात १४० जणांवर प्रत्यक्ष प्रयोग झाला. मधुमेह किंवा त्याच्या आधीची अवस्था असलेल्या या लोकांपैकी एका गटाला आठवड्याला १२ अंडी दिली, दुसऱ्याला दोनपेक्षा कमी. तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या कोलेस्टेरॉलमध्ये लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता.

या प्रयोगाच्या बातम्यांत एक तपशील हमखास गळतो. दोन्ही गटांना संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी असंपृक्त चरबी घ्यायला सांगितलं होतं. म्हणजे १२ अंडी निभावली ती लोण्याशिवाय.

आमचा सल्ला : एलडीएल तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेल्या लक्ष्याच्या आत असेल तर दिवसाला एक पूर्ण अंडं आणि वर एक-दोन पांढरे भाग. एलडीएल लक्ष्याबाहेर असेल तर पूर्ण अंडी आठवड्याला तीन-चार. सोबत पावाच्या चार चकत्या खाल्ल्या तर साखर वाढेल आणि दोष अंड्यावर जाईल, एवढं लक्षात ठेवा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर नाश्त्यातली कर्बोदकं एकदम काढू नका. औषधाचा डोस त्यांच्या हिशोबाने ठरलेला असतो, साखर खाली घसरू शकते.

प्रश्न : व्यायामशाळेत रोज सहा अंड्यांचा पांढरा भाग कच्चाच दुधात फेटून प्यायला सांगतात. कच्च्यातली प्रथिनं जास्त ताकदीची असतात म्हणे.

नेमकं उलट आहे. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी हे मोजलं : शिजलेल्या अंड्यातली सुमारे ९० टक्के प्रथिनं लहान आतड्यात पचली, कच्च्यातली सुमारे ५० टक्केच. कच्च्या पांढऱ्या भागातली प्रथिनं घट्ट गुंडाळलेली असतात, शिवाय त्यात पचनाचं काम अडवणारे घटकही असतात. उष्णतेने गुंडाळी सुटते आणि पाचकरस आत पोचतात. तुम्ही सहा कच्चे पिता आणि साधारण तीन अंड्यांइतकंच तुमच्या अंगी लागतं.

दुसरा तोटा सावकाश होतो. कच्च्या पांढऱ्या भागात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. ते बायोटिन या जीवनसत्त्वाला असं धरून ठेवतं की शरीराला ते घेताच येत नाही. एखाद्या दिवशी प्यायल्याने काही होत नाही, पण महिनोन्‌महिने रोज अनेक कच्चे पांढरे घेतले तर केस गळणं, तोंडाभोवती आणि डोळ्यांभोवती पुरळ, थकवा अशी लक्षणं दिसलेली आहेत. शिजवलं की ॲव्हिडिन निष्प्रभ होतं. तिसरा तोटा साल्मोनेला जिवाणूंचा, तो कधी येईल ते सांगता येत नाही.

एका पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि १७ कॅलरी असतात. व्यायामानंतर एका वेळी २० ते २५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. दोन पूर्ण अंडी आणि तीन पांढरे भाग शिजवून खाल्ले की जवळपास २३ ग्रॅम होतात. बलक सरसकट फेकण्याचं कारण नाही. अंड्यातलं अ, ड, ई जीवनसत्त्व, कोलिन नावाचा जीवनसत्त्वासारखा पोषक घटक आणि डोळ्यांच्या पडद्याला लागणारं ल्युटिन, सगळं बलकातच असतं. एका अंड्यातलं कोलिन सुमारे १४७ मिलिग्रॅम, म्हणजे पुरुषाच्या रोजच्या गरजेच्या चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे. अंडं वर्षानंतरच द्यावं, नाहीतर ॲलर्जी होते, असं घरात म्हणतात.

पूर्वी डॉक्टरही तसं सांगत, आता सांगत नाहीत. २०१७ मध्ये जपानमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची भुकटी अगदी थोड्या मात्रेत दिली. वर्षाच्या वयाला त्यांच्यापैकी ८ टक्क्यांना अंड्याची ॲलर्जी होती, न दिलेल्या गटात ३८ टक्क्यांना. म्हणजे उशीर केल्याने संरक्षण मिळत नाही, उलट संधी जाते.

अंडं पूर्ण कडक उकडा, बारा मिनिटं. बलक आणि पांढरा दोन्ही एकत्र कुस्करा, कारण ॲलर्जी मुख्यतः पांढऱ्या भागाची असते. फक्त बलक देऊन ‘चाललं’ म्हणण्यात अर्थ नाही. आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घालून पातळ करा, मीठ नको. पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकावर येईल इतकंच द्या. दिवसा द्या, बाळाला सर्दी-ताप नसताना द्या, आणि त्या दिवशी दुसरा कोणताही नवा पदार्थ देऊ नका. पुढचे दोन तास लक्ष ठेवा. काही झालं नाही तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने अर्धा चमचा, एक चमचा असं वाढवत न्या. बाळ तृतीयांश अंड्यापर्यंत पोचलं की आठवड्यातून दोन-तीन वेळा देत राहा. एकदा देऊन महिनाभर थांबणं ही यातली सर्वांत नेहमीची चूक. सवय टिकली तरच सहनशीलता टिकते.

अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजणं, लगेच उलटी अशी लक्षणं बहुधा काही मिनिटांत दिसतात. अंडं तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. श्वासाला घरघर लागली, आवाज बसला किंवा बाळ ढिलं पडलं तर वाट न पाहता इस्पितळ गाठा. तोंडाभोवती नुसती लाली आली आणि अर्ध्या तासात गेली, तर ती बऱ्याचदा त्वचेला अंडं लागल्याची असते, तरी पुढची मात्रा देण्याआधी विचारून घ्या. बाळाला तीव्र इसब असेल किंवा आधी दुसऱ्या कशाची ॲलर्जी दिसली असेल तर घरी प्रयोग नको. पहिली मात्रा कुठे आणि कशी द्यायची ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील.

प्रश्न : गरोदरपणात अर्धकच्चं अंडं चालेल का? मला घट्ट बलक आवडत नाही.

हे काही महिने घट्टच खा. पांढरा आणि बलक दोन्ही घट्ट झाले, किंवा मिश्रणाचं तापमान ७१ अंशांपर्यंत गेलं, की साल्मोनेलाची भीती उरत नाही. गरोदरपणात तीव्र जुलाब-उलट्या आणि ताप आईला तर त्रास देतातच, बाळालाही जड जाऊ शकतात. घरी केलेलं मेयोनेज, कच्च्या अंड्याचं आइस्क्रीम, मूस यांतही कच्चं अंडं असतं, तिकडे लक्ष असू द्या. पाश्चराइज केलेलं अंडं वापरलं असेल तर हरकत नाही. बाकी अंडं या काळात उपयोगाचं. कोलिनची गरज गरोदरपणात दिवसाला ४५० मिलिग्रॅमपर्यंत जाते, आणि गरोदरपणातल्या पुष्कळ गोळ्यांत ते नसतं किंवा अगदी थोडं असतं.

प्रश्न : रक्तात लोह कमी आहे. रोज अंडं खाऊन वाढेल?

अंड्याच्या भरवशावर नाही. एका अंड्यात लोह एक मिलिग्रॅमही नसतं, आणि बलकातलं फॉस्व्हिटिन नावाचं प्रथिन ते इतकं घट्ट धरतं की शोषण अगदी कमी होतं. पाळी येणाऱ्या स्त्रीला रोज १५ ते ३० मिलिग्रॅमच्या दरम्यान लोह लागतं. लोहाची गोळी चालू असेल तर ती अंड्यासोबत, चहा-कॉफीसोबत किंवा दुधासोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. ब१२ चंही थोडं असंच आहे. अंड्यात ते असतं, पण शोषलं जातं फार थोडं. ब१२ कमी निघालं असेल तर रोजच्या एका अंड्याने ते भरून निघत नाही.

प्रश्न : वडिलांचं क्रिॲटिनिन वाढलं आहे, युरिक ॲसिडही जास्त आहे. अंडं बंद करायचं का?

युरिक ॲसिडसाठी बंद करायची गरज नाही. ते प्युरिन नावाच्या घटकापासून तयार होतं आणि अंड्यात प्युरिन अत्यल्प असतं. मांस-माशांच्या जागी प्रथिन म्हणून अंडंच जास्त सोयीचं.

क्रिॲटिनिन वाढणं ही मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण, आणि मूत्रपिंडाचं गणित वेगळं. तिथे दोन गोष्टी मोजाव्या लागतात : एकूण प्रथिनं आणि फॉस्फरस. पांढऱ्या भागात फॉस्फरस ५ मिलिग्रॅम, बलकात ६५ च्या आसपास. म्हणून फॉस्फरस वाढलेल्यांना पांढरा भाग देतात. डायलिसिस सुरू नसताना प्रथिनं आवरायची असतात. डायलिसिस सुरू झालं की ती उलट वाढवावी लागतात, कारण प्रत्येक वेळी काही प्रथिनं वाहून जातात. एकाच आजाराच्या दोन टप्प्यांवर सल्ला असा पूर्ण फिरतो. त्यामुळे शेजारच्या रुग्णाचा आहारतक्ता उतरवून घेऊ नका. वडिलांचा टप्पा कोणता आहे ते डॉक्टरांना विचारून आकडा ठरवा.

प्रश्न : आई ७४ वर्षांची आहे. दातही नीट नाहीत, भूकही नाही. अंडं पचेल का?

पचेल. एवढ्या छोट्या घासात एवढी प्रथिनं देणारे मऊ पदार्थ फार नाहीत. साठीनंतर स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून या वयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं धरतात. आईंचं वजन ५० किलो असेल तर दिवसाला ५० ते ६० ग्रॅम. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१९ मध्ये म्हटलं आहे की कोलेस्टेरॉल ठीक असलेल्या वृद्धांनी दिवसाला दोन अंडी खायला हरकत नाही. अंडं फेटून त्यात दोन चमचे दूध घाला आणि मंद आचेवर सतत हलवत शिजवा. गोळे ओलसर दिसू लागले की आच बंद करा, भांड्याच्या उष्णतेवर ते पुरे शिजतं. आच मोठी ठेवली तर प्रथिनं आवळतात, पाणी सुटतं आणि रबरासारखे तुकडे तयार होतात. ते दातांशिवाय चावत नाहीत. अंड्यात चोथा अजिबात नसतो, म्हणून सोबत मऊ भाजी किंवा फळ हवंच, नाहीतर चार दिवसांत बद्धकोष्ठाची तक्रार येईल.

प्रश्न : तपकिरी कवचाची अंडी जास्त पौष्टिक असतात का? आणि गडद बलकाची?

नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. बलकाचा रंग तिच्या खाद्यातल्या रंगद्रव्यांवर, म्हणजे मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क यांवर. ओमेगा-३ वाढवलेल्या अंड्यांत फरक खरा असतो, कारण कोंबड्यांना जवस किंवा तशा प्रकारचं खाद्य दिलेलं असतं. पण कोलेस्टेरॉल त्यातही तेवढंच.

प्रश्न : अंडं उकडलं की बलकाभोवती हिरवट कडा येते. खराब झालं समजायचं का? आणि सोलताना पांढरा भाग कवचासोबत निघून येतो.

हिरवट कडा म्हणजे जास्त वेळ उकडल्याची खूण. पांढऱ्या भागातल्या गंधकापासून वायू तयार होतो, बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होतो आणि लोहाच्या संयुगाचा पातळ थर बसतो. अपाय काही नाही, चव मात्र उतरते.

सोलण्याचा त्रास अंडं फार ताजं असल्याचा. ताज्या अंड्यात कर्बवायू जास्त असतो, त्यामुळे पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला चिकटतो. आठवडाभरात वायू कवचाच्या छिद्रांतून निघून जातो आणि पकड सैल होते. म्हणून उकडायला आठवडाभर जुनी अंडी घ्या. थंड पाण्यात ठेवून तापवत नेऊ नका. पाणी आधी उकळा, आच कमी करा, अंडी चमच्याने अलगद सोडा. एकदम उष्णता लागली की पांढरा भाग पापुद्र्याला चिकटण्याआधी आवळतो. ६-७ मिनिटांत बलक वाहता राहतो, ९-१० मिनिटांत मधोमध मऊ, ११-१२ मिनिटांत पूर्ण घट्ट. उंच डोंगराळ भागात पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे दोन-तीन मिनिटं जास्त द्या. मग लगेच बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं. त्याने शिजणं थांबतं, हिरवी कडाही येत नाही. सोलायला बोथट टोकाकडून सुरुवात करा. तिथे हवेची पोकळी असते, बोट पापुद्र्याखाली सहज जातं.

प्रश्न : पाण्यात तरंगणारं अंडं टाकून द्यावं का? आणि फ्रिजमध्ये किती दिवस ठेवता येतात?

तरंगणं हे वयाचं लक्षण आहे. दिवस जातात तसं आतलं पाणी छिद्रांतून उडतं, बोथट टोकाची पोकळी मोठी होते आणि अंडं आधी उभं राहतं, मग वर येतं. तरंगणारं अंडं जुनं, एवढंच कळतं. वाटीत फोडून वास घ्या. सडलेल्या अंड्याचा वास लपत नाही. उलट बुडालेलं अंडं सुरक्षित असेलच असंही नाही, कारण साल्मोनेलाला वास नसतो आणि तो अगदी ताज्या अंड्यातही असू शकतो. त्याच्यावर उपाय शिजवणं हाच. बलकावरचा रक्ताचा ठिपका मात्र निरुपद्रवी. बलक तयार होताना एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी फुटलेली असते. ठिपका चमच्याने काढा आणि अंडं वापरा.

अंडी फ्रिजच्या दारात ठेवू नका, आतल्या कप्प्यात ठेवा. दार उघडझाप होताना तिथलं तापमान सतत हलतं. बोथट टोक वर. ठेवण्यापूर्वी धुऊ नका, कवचावरचं नैसर्गिक आवरण निघून जातं आणि ओल्या छिद्रांतून जिवाणू आत शिरतात. मळ लागलेला असेल तर कोरड्या कापडाने पुसा, धुवायचं असेल तर वापरण्याच्या क्षणी. एकदा फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी पुन्हा दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. थंड कवचावर दव धरतं, त्याचा परिणाम धुण्यासारखाच. कच्ची अंडी फ्रिजमध्ये तीन ते पाच आठवडे टिकतात. कडक उकडलेली, कवचासकट, सात दिवस. सोललेली त्याच दिवशी संपवा. फोडून उरलेला पांढरा भाग झाकून चार दिवस राहतो. आख्खा बलक वाटीत थोड्या पाण्याखाली ठेवला तर दोन दिवस, नाहीतर त्याच्यावर साय धरते.